आधी नकाशा, मग टेंडर

सरकारी कामाच्या टेंडरची नोटीस निघाली की आमचे व्यापारी बांधव आधी दोनच गोष्टी पाहतात. अनामत रक्कम किती, आणि गेल्या तीन वर्षांची उलाढाल किती मागितली आहे. बहुतेकांचा कागद तिथेच बाजूला पडतो. गेल्या काही वर्षांत समाजातील बरेच तरुण संगणकाच्या धंद्यात उतरले आहेत. पुणे, मुंबई, नाशिक, मालेगाव येथे पाच-दहा माणसांच्या त्यांच्या लहान कंपन्या आहेत. सरकारी सॉफ्टवेअरचे काम आपल्यापर्यंत सरळ येत नाही, आले तर तिसऱ्या हातातून येते आणि त्याचे पैसे चौथ्या वर्षी मिळतात, ही त्यांची तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. तक्रार खरी आहे. परंतु टेंडर एवढे अवाढव्य का निघते आणि कोट्यवधी रुपये खर्चूनही सरकारी यंत्रणा ऐन वेळी का बसते, या दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे असे आमचे मत झाले आहे. ते मूळ टेंडर निघण्याच्या आधीच्या काळात शोधावे लागते.

आमच्या परिचयाच्या एका तरुणाचे उदाहरण देतो. एका सरकारी खात्याच्या दप्तराचे संगणकीकरण एका मोठ्या कंपनीला मिळाले. तिने त्यातील एक भाग दुसरीला दिला आणि दुसरीने त्याचा तुकडा या तरुणाला. त्याने आपला भाग वेळेत करून दिला. मधल्या काळात माहिती ज्या नमुन्यात यायची तो नमुना शेजारच्या ठेकेदाराने बदलला, आणि याचा भाग चालेना. चूक कोणाची? दोघांच्याही करारात या जोडाविषयी एक ओळ नव्हती. खात्याने मोठ्या कंपनीकडे बोट दाखवले, तिने दुसरीकडे. तरुणाचे बिल चौदा महिने अडकले. त्याला चार माणसांपैकी दोघांना घरी पाठवावे लागले.

ज्याने कधी घर बांधले आहे त्याला यातले मर्म समजावून सांगायला नको. गवंडीकाम एकाला, नळाचे दुसऱ्याला आणि विजेचे तिसऱ्याला दिले तरी घर नीट उभे राहते, कारण नळ कुठून जाणार आणि बोर्ड कुठे बसणार हे नकाशात आधीच ठरलेले असते. नकाशा नसेल तर प्लास्टर झाल्यावर भिंती फोडाव्या लागतात. मग फोडण्याचे पैसे कोणी द्यायचे यावर तिघांचे भांडण जुंपते, आणि घरमालक ते निमूटपणे आपल्या खिशातून देतो.

मोठ्या सॉफ्टवेअरचेही असेच भाग असतात. माहिती साठवणारा, ती पडताळणारा, लोकांसमोर पडद्यावर येणारा, दुसऱ्या खात्याच्या यंत्रणेशी बोलणारा. हे भाग कोणते, त्यांचे जोड कुठे, आणि एकाने दुसऱ्याकडून काय घ्यायचे व काय द्यायचे, याला सॉफ्टवेअरची रचना म्हणतात. त्या धंद्यातले लोक आर्किटेक्चर म्हणतात. खरेदीचे धोरण ही वेगळी गोष्ट. काम किती ठेक्यांत वाटायचे, पैसे कशाच्या मापाने द्यायचे, तयार झालेल्या वस्तूवर मालकी कोणाची, ठेकेदार बदलायची पाळी आली तर तो कसा बदलायचा, हे तिच्यात येते. रचना इंजिनिअर करतो, धोरण लेखा विभाग ठरवतो, आणि बहुधा दोघांची गाठ पडते ती ठेका दिल्यानंतर. तोवर ठेक्याने भिंती उभ्या करून टाकलेल्या असतात.

मेल्विन कॉनवे या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने १९६८ साली लिहून ठेवले की एखाद्या संस्थेतली माणसे जशी विभागलेली असतात आणि एकमेकांशी जशी बोलतात, तशीच तिच्या हातून घडणारी यंत्रणाही विभागली जाते. सरकारी कामात माणसांची ही विभागणी टेंडर करते. म्हणून टेंडर लिहिणारा कारकून, त्याला ठाऊक नसताना, अर्धा इंजिनिअर झालेला असतो.

याचा मोठा धडा अमेरिकेतला आहे. तिथल्या चौकश्यांचे अहवाल छापून प्रसिद्ध झाल्यामुळे आपल्यालाही तो नीट वाचता येतो. एफबीआय या तिथल्या केंद्रीय तपास संस्थेत शतक संपत आले तरी तपासाचे काम मुख्यतः कागदावर चाले. संगणकावरची जुनी यंत्रणा १९९५ची, आणि ती वापरायला इतकी किचकट की अधिकारी तिच्यापासून दूरच राहत. २००० साली ‘ट्रिलॉजी’ नावाची योजना मंजूर झाली. तिचे तीन भाग होते: नवे संगणक, नवे जाळे आणि नवे सॉफ्टवेअर. पहिल्या दोन भागांचा ठेका २००१ साली एका कंपनीला आणि सॉफ्टवेअरचा सायक या दुसऱ्या कंपनीला दिला गेला. सॉफ्टवेअरचे नाव ‘व्हर्च्युअल केस फाइल’. त्याच वर्षी सप्टेंबरात न्यूयॉर्क व वॉशिंग्टनवर हल्ले झाले, आणि काम लवकर हवे असा वरून दबाव सुरू झाला.

हा ठेका झालेला खर्च आणि त्यावर बक्षिसी या पद्धतीचा होता. म्हणजे जितके काम वाढेल तितके बिल वाढेल. मागण्यांचा दस्तऐवज आठशे पानांच्या वर गेला, आणि त्यात कोणत्या पडद्यावर कोणते बटण कुठे असावे इथपर्यंतचे तपशील होते. पण संपूर्ण संस्थेच्या यंत्रणांचा नकाशा मात्र एफबीआयकडे नव्हता. एका रात्रीत जुनी यंत्रणा बंद करून सकाळी नवी चालू करायची असा बेत होता. तो धोक्याचा आहे असे तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने २००४ साली स्पष्टपणे लिहून दिले. त्याआधीच, डिसेंबर २००३ मध्ये, कंपनीने माल हाती ठेवला होता. तो तपासताना एफबीआयने आधी १७ त्रुटी काढल्या, पुढे त्या वाढून ५९ झाल्या. लवादाने निवाडा दिला की ५९ पैकी १९ बाबतींत दोष एफबीआयच्या सतत बदलणाऱ्या मागण्यांचा आणि ४० बाबतींत कंपनीचा. २००५ साली सारे काम सोडून देण्यात आले. सुमारे १७ कोटी डॉलर त्यात गेले होते, आणि त्यातील दहा कोटींहून अधिक अशा कामावर की जे पुन्हा वापरता येणार नव्हते.

इथे आम्हाला एका गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. या ठेक्यात भाग पाडले गेले होते, परंतु ते यंत्र, तारा आणि सॉफ्टवेअर असे, म्हणजे दुकानात जसा माल वेगवेगळ्या फळ्यांवर असतो तसे. सॉफ्टवेअरच्या आत जिथे खरे जोड होते, म्हणजे केसचे कागद, पुराव्याची नोंद, वरिष्ठांची मंजुरी, शोध, तिथे ठेक्यात काहीच थांबा नव्हता. त्यामुळे अर्धे चांगले झाले तर अर्धे ठेवू आणि अर्धे परत करू, असे म्हणण्याची सोयच राहिली नाही. सगळे घ्या, नाहीतर सगळे टाका. शेवटी सगळे टाकले गेले.

दुसऱ्या खेपेला, मार्च २००६ मध्ये, ‘सेंटिनेल’ या नावाने तेच काम लॉकहीड मार्टिन कंपनीला चार टप्प्यांत दिले गेले. टप्पे होते हा फरक, आणि त्याचा उपयोगही झाला. टप्पे रेंगाळू लागले तेव्हा, २०१० साली, एफबीआय थांबू शकली. उरलेल्या कामाची सूत्रे तिने स्वतःकडे घेतली, लहान चमू बसवला, दोन-दोन आठवड्यांचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा चालवून पाहायला सुरुवात केली. जुलै २०१२ मध्ये यंत्रणा सर्वत्र सुरू झाली. काम तेच, संस्थाही तीच. पैसे कशावर द्यायचे आणि काम कुठे तोडायचे, हे यावेळी वेगळे होते.

इंग्लंडच्या सरकारी आरोग्य सेवेने याच सुमारास देशाचे पाच विभाग पाडले आणि ते चार मोठ्या कंपन्यांना दहा वर्षांसाठी वाटून दिले. दवाखान्यांना काय हवे हे विचारण्याआधी करार झाले होते. रुग्णाची नोंद देशभर एकच असावी हा हेतू, आणि ठेका मात्र जमिनीच्या हद्दीवर तोडलेला. दोन कंपन्या ज्या सॉफ्टवेअरवर विसंबून होत्या ते तयारच झालेले नव्हते. २००६ साली एक कंपनी बाहेर पडली, २००८ साली दुसरीचा करार तुटला आणि वाद वर्षानुवर्षे चालला. सुमारे १२ अब्ज ४० कोटी पौंड खर्चाचा अंदाज असलेली ही योजना २०११ साली मोडीत काढल्याचे सरकारने जाहीर केले.

मग लहान लहान तुकडे पाडून पुष्कळ जणांना वाटले म्हणजे झाले का? नाही. अमेरिकेच्या आरोग्य विम्याचे संकेतस्थळ १ ऑक्टोबर २०१३ रोजी सुरू झाले, त्यावर पन्नासहून अधिक ठेकेदार काम करत होते. पहिल्या दिवशी सहा जणांची नोंदणी पूर्ण झाली. सहा हजार नव्हे, सहा. तुकडे होते, पण जोड सांभाळण्याची जबाबदारी ज्या सरकारी कार्यालयाने स्वतःकडे घेतली होती त्याच्यापाशी ते काम जाणणारी माणसेच पुरेशी नव्हती. लहान कंपन्यांना काम मिळावे असे आम्ही म्हणतो तेव्हा आमच्यावर असा आक्षेप येतो की अशाने गोंधळ होईल. आक्षेप बरोबर आहे, आणि म्हणूनच तुकडे किती यापेक्षा कुठे तोडले आणि सांधे कोणाच्या हातात राहिले हे आम्ही महत्त्वाचे मानतो.

हे आपल्याकडे जमणारच नाही असे कोणी म्हणू नये, कारण जमलेले एक उदाहरण आपल्या खिशातच आहे. आधार. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात पहिले आधार क्रमांक दिले गेले. त्या योजनेविषयी आमचे आक्षेप आहेत, ते पुढे येतील. पण खरेदी आणि रचना यांचा मेळ कसा घालावा हे पाहायचे तर तिथे पाहावे.

आधारचा सर्वात अवघड भाग म्हणजे एका माणसाला दोन क्रमांक जाऊ न देणे. नवा माणूस आला की त्याची दहा बोटे आणि दोन डोळे आधी नोंदलेल्या प्रत्येकाशी ताडून पाहायचे. शंभर कोटी नोंदी झाल्या की प्रत्येक नव्या माणसामागे शंभर कोटी ताडण्या. एवढ्या प्रमाणात हे काम तोवर जगात कोणी केलेले नव्हते, आणि ते करू शकणाऱ्या कंपन्या मूठभर होत्या. अशा वेळी नेहमीच्या पद्धतीने एक टेंडर काढून सर्वात कमी दराच्या कंपनीला सगळे काम दिले असते, तर पुढची वीस वर्षे देश तिच्या दाराशी उभा राहिला असता.

प्राधिकरणाने तसे केले नाही. ताडणीचे काम इतर सॉफ्टवेअरपासून वेगळे काढले. त्या भागाने काय विचारायचे व काय उत्तर द्यायचे याचा नमुना स्वतः ठरवला. मग अॅक्सेंचर, एल-१ आणि महिंद्रा सत्यम-मॉर्फो अशा तीन पुरवठादारांना एकाच वेळी घेतले. तिघांची यंत्रे शेजारी शेजारी चालत. पैसे यंत्राच्या किमतीचे नव्हते, ताडणीमागे होते. आणि ज्याचे काम अचूक व वेगवान त्याला कामाचा मोठा वाटा, हे मापन चालूच असे. म्हणजे टेंडर उघडले त्या एका दिवशी स्पर्धा संपली नाही; ती रोज चालू राहिली. बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्रांचेही तसेच. यंत्र कोणत्याही कंपनीचे चालेल, सरकारी प्रमाणपत्र हवे आणि ठरलेल्या जोडात बसायला हवे. नोंदणीचे काम राज्य सरकारे, बँका आणि त्यांनी नेमलेल्या असंख्य लहानमोठ्या संस्थांकडे गेले. एप्रिल २०१६ मध्ये शंभर कोटींचा आकडा पार झाला.

या कामात टेंडरची प्रत्येक रेघ सॉफ्टवेअरच्या एकेका जोडावरून ओढलेली होती, आणि सांधा सरकारच्या मालकीचा होता. इतकीच ती युक्ती.

तरीही यात दोन खाचा आहेत, त्या सांगितल्या नाहीत तर हिशेब पुरा होणार नाही. पहिली ही की जुलै २०११ मध्ये फ्रान्सच्या सफ्रान या कंपनीने एल-१ विकत घेतली, आणि मॉर्फोही तिचीच. कागदावर तीन पुरवठादार, पण दोघांचा मालक एक. पुरवठादार विकला गेला तर काय, हे कलम करारात असावे लागते ते यासाठी. दुसरी खाच अधिक त्रासाची. नोंदणी करणाऱ्यांना पैसे डोकी मोजून मिळत. जे मोजले ते वाढले. चुकीची नावे, चुकीच्या जन्मतारखा, क्वचित बनावट नोंदी यांचा सुळसुळाट झाला. हजारो ऑपरेटरांना काळ्या यादीत टाकावे लागले, आणि २०१७ साली नोंदणी केंद्रे खासगी जागांतून सरकारी कार्यालये, बँका व टपाल कचेऱ्यांत हलवावी लागली. यंत्रमागावर किंवा बांधकामावर बोटे झिजलेल्या मजुराचा ठसा रेशन दुकानात जुळत नाही, तेव्हा त्याला पैसे मोजून देणाऱ्या कराराशी काही देणेघेणे नसते. त्याला धान्य हवे असते. ताडणीच्या भागात बिल आणि दर्जा एकत्र बांधले होते, नोंदणीच्या भागात तसे बांधले नाही. त्याच योजनेत दोन्ही धडे मिळतात.

आता आमच्या बहुसंख्य वाचकांच्या उंबऱ्यावरचा विषय, जीएसटी. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीतील यंत्रमागधारकांना आणि व्यापाऱ्यांना ऑगस्ट २०१७ आठवत असेल. पहिले ३-बी विवरण भरण्याची मुदत २० तारीख, आणि आदल्या दिवशी पोर्टल हलेना. हिशेबनीसांच्या कार्यालयांत रात्री दोन-दोन वाजेपर्यंत लोक बसून होते. मुदत २५ तारखेपर्यंत वाढवावी लागली. त्या वेळी सगळा राग सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीवर निघाला. थोडा योग्यही होता. परंतु तारखा जुळवून पाहाव्यात. इन्फोसिसला सुमारे १,३८० कोटींचा ठेका मिळाला सप्टेंबर २०१५ मध्ये. घटना दुरुस्ती झाली सप्टेंबर २०१६ मध्ये. केंद्राचा कायदा एप्रिल २०१७ मध्ये. दर ठरले मे २०१७ मध्ये श्रीनगरच्या बैठकीत. कर सुरू झाला १ जुलै २०१७ रोजी. म्हणजे कापड कोणते आणि माप काय हे ठरण्याआधी शिंप्याशी शिलाईचा करार झाला होता.

मूळ बेत असा की विक्रेत्याचे बिल आणि खरेदीदाराची नोंद यंत्रणेने आपोआप जुळवून पाहावी. त्यासाठी १, २ आणि ३ अशी तीन विवरणे. हा जोड सर्वात नाजूक, आणि त्यावर सगळ्या देशाचा भार एकाच महिन्यात टाकायचे ठरले. आधी मोठ्या कंपन्या, मग मध्यम, मग लहान असा क्रम नाही. थोड्या जिल्ह्यांत पाहून पुढे जाणे नाही. १० नोव्हेंबर २०१७ रोजी गुवाहाटीच्या बैठकीत २ आणि ३ क्रमांकाची विवरणे थांबवली गेली. ती पुढे सुरू झालीच नाहीत. तात्पुरते म्हणून आणलेले ३-बीच कायम झाले.

ई-वे बिलाचीही तीच गत. १ फेब्रुवारी २०१८ रोजी सुरू केले, त्याच दिवशी यंत्रणा बसली, त्याच दिवशी पुढे ढकलले. १ एप्रिलपासून ते पुन्हा सुरू झाले, आधी फक्त राज्याबाहेरच्या मालाला आणि नंतर एकेक राज्य करत आतल्या मालाला. या वेळी चालले. ई-इन्व्हॉइसमध्ये शहाणपण आणखी वाढलेले दिसते. ऑक्टोबर २०२० मध्ये ते आधी ५०० कोटींवरच्या उलाढालीला लागू केले आणि पायरी पायरीने उतरवत ऑगस्ट २०२३ मध्ये ५ कोटींपर्यंत आणले. नोंदणीचे काम सुरुवातीला एकाच सरकारी पोर्टलवर होते. नमुना पक्का ठरलेला असल्याने २०२३ साली आणखी खासगी पोर्टलांना परवानगी देता आली. २०१७ची घाई आणि २०२३चा ठहराव यांतील फरक व्यापाऱ्याच्या झोपेवरून मोजता येईल.

जीएसटीच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. पोर्टलचे दरवाजे ठरलेल्या नमुन्यात बाहेरच्या सॉफ्टवेअरसाठी उघडे ठेवण्याचा विचार पहिल्यापासून होता. सुविधा पुरवणाऱ्या ३४ कंपन्यांची पहिली यादी कर सुरू होण्याआधीच निघाली. आज दुकानातल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून सरळ विवरण भरले जाते, आणि त्या जोडावर कितीतरी लहान व्यावसायिकांचा चरितार्थ चालतो. त्यांना सरकारचे टेंडर भरावे लागले नाही. दरवाजा कुठे आहे आणि कसा उघडतो हे जाहीर होते, तेवढे पुरले.

मग अधिकारी असे का करत नाहीत? आम्ही त्यांना सरसकट दोष देणार नाही. सर्वात कमी दराला काम दिले तर लेखापरीक्षणात कोणी बोट ठेवत नाही. एकच मोठा ठेका दिला तर जाब विचारायला एकच माणूस सापडतो, असा दिलासाही असतो. दर्जाला गुण देण्याची सोय नियमांत आहे. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये सल्लागारीशिवायच्या कामांनाही ती काही अटींवर खुली केली, दर्जाचे वजन जास्तीत जास्त ३० टक्के ठेवून. परंतु ती वापरायची तर निर्णयाचे कारण लिहावे लागते. कारण लिहिण्यासाठी नकाशा समजावा लागतो, आणि खात्यात नकाशा समजणारा माणूस कायमच्या पगारावर नसतो. तो सल्लागार कंपनीकडून येतो आणि अहवाल देऊन जातो.

लहान उद्योगांसाठी २०१२चे खरेदी धोरण आहे. केंद्र सरकारची खाती आणि उपक्रम यांनी आपल्या खरेदीतला २५ टक्के वाटा सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यावा असे ते सांगते. अनामत रकमेची सूटही आहे. पण सॉफ्टवेअरचे काम एकच गठ्ठा बांधून काढले तर त्यातला चतुर्थांश लहान कंपनीने घ्यायचा कसा? तो आकडा खुर्च्या, छपाई आणि झाडलोटीच्या सामानातूनही भरता येतो. आरक्षण कागदावर राहते ते कोणाच्या दुष्टाव्याने नव्हे, गठ्ठ्याच्या आकारामुळे.

अमेरिकेने आपल्या चुकांतून निदान संरक्षण खात्यापुरता कायदा केला. १ जानेवारी २०१९ नंतर सुरू होणाऱ्या मोठ्या शस्त्रयोजना सुट्या होणाऱ्या भागांच्या आणि जाहीर जोडांच्या असाव्यात असे २०१६ साली मंजूर झालेला तो कायदा सांगतो. आपल्याकडे २०१५ साली केंद्राने खुल्या जोडांविषयी आणि खुल्या सॉफ्टवेअरविषयी धोरणे जाहीर केली, ती चांगली आहेत. परंतु धोरण वेगळ्या फायलीत आणि टेंडर वेगळ्या फायलीत राहिले तर उपयोग काय? आमचे म्हणणे असे की एका मर्यादेपुढच्या प्रत्येक सॉफ्टवेअर टेंडरला रचनेचा नकाशा जोडलेला असावा, जसा बांधकामाच्या टेंडरला असतो. नकाशावर खात्याच्या स्वतःच्या, नोकरीत असलेल्या इंजिनिअरची सही असावी. ज्या भागाविषयी खात्री नाही तो आधी लहान ठेक्याने, दोन-तीन जणांकडून, पैसे देऊन करून पाहावा. फुकट नमुना दाखवा म्हणू नये, कारण फुकट दाखवणे फक्त मोठ्यालाच परवडते.

हे होईपर्यंत आमच्या तरुण व्यावसायिकांनी हात बांधून बसू नये. टेंडरपूर्व बैठकीला बहुतेक जण जातच नाहीत, किंवा जातात ते उलाढालीची अट कमी करा एवढे सांगायला. तिथे दुसरे प्रश्न विचारावेत. या कामाचे भाग कोणते आणि त्यांच्यातल्या जोडांचा नमुना कोणाच्या मालकीचा राहील? शेजारच्या ठेकेदाराने नमुना बदलला तर बदलाचा खर्च कोण देणार? तयार झालेले मूळ सॉफ्टवेअर आणि त्याची कागदपत्रे खात्याकडे कधी आणि कोणत्या रूपात जमा होतील? एक भाग मान्य झाला तर त्याचे पैसे दुसऱ्या भागाची वाट न पाहता मिळतील का? आणि हे प्रश्न तोंडी विचारून येऊ नये. मुदतीच्या आत, लेटरहेडवर लेखी द्यावेत. तोंडी उत्तराला पुढे कोणी विचारत नाही. लेखी उत्तर मात्र शुद्धिपत्रकात येते, सर्व बोलीदारांना जाते आणि पुढे कराराच्या कागदांत जोडले जाते. ज्या तरुणाचे बिल चौदा महिने अडकले, त्याने पुढच्या कामाला हात घालण्याआधी पहिला आणि दुसरा प्रश्न लिहून दिला. खात्याने उत्तर द्यायला सहा आठवडे घेतले आणि टेंडरची मुदत दोनदा वाढवली.